तीन राजधान्यांचा एक कारखाना

दिल्लीतील श्रमशक्ती भवनातून निघालेली अधिसूचना बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर पोहोचायला किती दिवस लागतात? २०१६ साली त्याचे उत्तर दोन महिने आणि काही दिवस असे मिळाले. केंद्रीय कामगार मंत्रालयाने १० फेब्रुवारी २०१६ रोजी भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत एक बदल केला. नोकरी सुटली तरी खात्यातील मालकाच्या वाट्याची रक्कम कामगाराला वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा तो बदल होता. निवृत्तीनंतरच्या सुरक्षिततेचा विचार त्यामागे असेलही. पण तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई यंत्रावर बसणाऱ्या आणि चाळिशीच्या आतच काम सोडावे लागणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो तिच्या हक्काच्या पैशाला लागलेला टाळा होता. १८ एप्रिल रोजी बोम्मनहळ्ळी परिसरातील हजारो स्त्रिया कारखाने सोडून होसूर रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यामागे ना कोणती मोठी संघटना होती ना कोणता नामांकित नेता. दुसऱ्या दिवशी आंदोलन शहरभर पसरले, बसगाड्या पेटल्या आणि बोम्मसंद्र्याला लागून असलेल्या हेब्बगोडीच्या पोलीस ठाण्यातील वाहनेही जळाली. त्याच दिवशी तत्कालीन कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी तो बदल मागे घेतल्याची घोषणा केली.

या घटनेचा अर्थ त्या वेळी दोन्ही बाजूंनी सोयीने लावला गेला. कोणी तिला असंघटित स्त्रीशक्तीचा विजय म्हटले, कोणी कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न म्हटले. पण त्यातला तिसरा अर्थ फारसा कोणी वाचला नाही. ज्या कारखान्यांच्या दारातून त्या स्त्रिया बाहेर पडल्या, तेथील लहान मालकांपैकी कितीजणांना तो नियम नेमका काय आहे, हे ठाऊक होते? आपल्या कामगारांना तो समजावून सांगण्याच्या स्थितीत कितीजण होते? नियम कामगाराला नीट कळला नाही याचे एक कारण तो मालकालाही कळलेला नव्हता, हे असू शकते. बदलत्या कामगार कायद्यांची चर्चा करताना हा दुवा नेहमी निसटतो. कायदा कडक असावा की सैल, यावर आपल्याकडे रणे माजतात. तो कळणार कसा आणि किती दिवस तसाच राहणार, हा प्रश्न मात्र कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

साठ माणसांचा हिशेब

बोम्मसंद्रा ही आनेकल तालुक्यातील औद्योगिक वसाहत. एका बाजूला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला जिगणी आणि अत्तिबेले, आणि पुढे थोड्याच अंतरावर तमिळनाडूची सीमा. औषधनिर्मितीचे मोठे प्रकल्प आणि प्रसिद्ध हृदयरुग्णालय यांमुळे या गावाचे नाव देशभर गेले असले, तरी वसाहतीचा प्राण यंत्रभाग, पत्राकाम, प्लास्टिक आणि वेष्टनाचे साहित्य बनवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि शहराचे हे टोक शहराला जोडले गेले. मराठी माणूस या भागाला परका नाही. बंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. वर्तमान असे की इचलकरंजी, कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील ओतकाम आणि यंत्रकामाच्या परंपरेला बंगळुरूची बाजारपेठ नेहमीच खुणावत आली आहे. वीजदराच्या प्रश्नावर कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात जाण्याचा इशारा २०१३ च्या सुमारास दिला होता, तो काही पोकळ नव्हता.

समजा, असाच एक उद्योजक आहे. मूळ कारखाना कोल्हापुरात शिरोलीला, दुसरा बोम्मसंद्र्यात. येथे साठ माणसे कामाला. मनुष्यबळ विभाग नाही. एक हिशेबनीस आणि महिन्यातून दोनदा येणारा कन्सल्टंट, एवढाच काय तो व्याप. हा माणूस कायदा बुडवू पाहणारा नाही, असेही धरून चालू. त्याला दोन राज्यांचे आणि केंद्राचे असे तीन राजधान्यांचे कायदे एकाच वेळी पाळायचे आहेत. हे काम प्रत्यक्षात कसे असते, ते पाहू.

व्यवसाय करापासून सुरुवात करू. कर्नाटकात १ एप्रिल २०२३ पासून मासिक पंचवीस हजार रुपयांपेक्षा कमी वेतन असलेल्यांना या करातून वगळण्यात आले. त्याआधी ही मर्यादा पंधरा हजार होती. महाराष्ट्रात त्याच तारखेपासून पंचवीस हजारांपर्यंतची सवलत मिळाली, पण ती फक्त स्त्रियांना. परिणाम असा की वीस हजार रुपये घेणाऱ्या पुरुष कामगाराच्या पगारातून शिरोलीत दोनशे रुपये कापायचे आणि बोम्मसंद्र्यात काही कापायचे नाही. पुढे एप्रिल २०२५ पासून कर्नाटकाने फेब्रुवारी महिन्यात दोनशेऐवजी तीनशे रुपये कापण्याची पद्धत आणली. राज्यघटनेने घालून दिलेली वार्षिक अडीच हजारांची कमाल मर्यादा गाठण्याची ही युक्ती महाराष्ट्रात जुनीच आहे. म्हणजे एका बाबतीत दोन राज्ये एकमेकांपासून दूर गेली, तर दुसऱ्या बाबतीत जवळ आली. आणि दोन्ही वेळा वेतनपत्रकाची आज्ञावली मालकालाच बदलावी लागली.

कामगार कल्याण निधीचेही तसेच. कर्नाटकात वर्षातून एकदा कामगाराचे वीस, मालकाचे चाळीस आणि सरकारचे वीस रुपये जमा होत. ते प्रमाण अलीकडच्या दुरुस्तीने पन्नास, शंभर आणि पन्नास असे झाले. साठ माणसांच्या कारखान्यात मालकाचा वाटा वर्षाला २,४०० रुपयांवरून ६,००० रुपयांवर गेला. महाराष्ट्रात हाच निधी सहामाही भरायचा असतो आणि तेथील दर २०२४ मध्ये कामगाराचे पंचवीस व मालकाचे पंचाहत्तर असे झाले. रकमा किरकोळ आहेत, यात शंका नाही. सुमारे साडेतीन हजारांच्या वाढीने कोणताही कारखाना बुडत नाही. पण जुन्या दराने भरणा झाला तर नोटीस येते, नोटिशीला उत्तर द्यावे लागते, उत्तरासाठी कन्सल्टंटला बोलवावे लागते आणि त्याचे बिल मूळ फरकापेक्षा मोठे असते.

सुट्ट्यांमध्ये तर राजकारणाचा थेट प्रवेश होतो. कर्नाटकाच्या १९६३ च्या राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांविषयीच्या कायद्यानुसार प्रजासत्ताक दिन, कामगार दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंती यांच्या जोडीला १ नोव्हेंबर, म्हणजे कन्नड राज्योत्सव, ही भरपगारी सुट्टी आहे. हाच दिवस बेळगावातील मराठी भाषक काळा दिवस म्हणून पाळत आले आहेत. सीमाभागातून आलेला मराठी कारखानदार बोम्मसंद्र्यात त्या दिवशी कारखान्याच्या दारावर लाल-पिवळा ध्वज लावतो, मिठाई वाटतो आणि भरपगारी सुट्टी देतो. त्यात दुटप्पीपणा शोधण्याचे कारण नाही. स्थलांतरिताला कायदा पाळावा लागतो आणि शेजारधर्मही.

सकाळची स्थगिती

आतापर्यंत सांगितले ते बदल निदान सरळ होते. खरी कसरत सुरू होते ती नियम येऊन परत जातात तेव्हा. गेल्या काही वर्षांत कर्नाटकाने अशा येण्याजाण्याचा जणू नमुनाच घालून दिला आहे.

करोनाच्या टाळेबंदीत, २२ मे २०२० रोजी राज्य सरकारने कारखान्यांतील कामाचे तास दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ११ जून रोजी सरकारनेच अधिसूचना मागे घेतली. तीन आठवड्यांच्या आत नवे वेळापत्रक आले आणि गेले. त्याच वर्षी किमान वेतनावरील बदलत्या महागाई भत्त्याची, दरमहा सुमारे ४१७ रुपयांची, वाढ सरकारने जुलैमध्ये पुढे ढकलली. सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ज्यांनी सरकारी आदेशावर विसंबून वाढ दिली नव्हती, त्यांच्या डोक्यावर थकबाकी चढली आणि तयार कपड्यांच्या उद्योगात तो वाद २०२२ पर्यंत रेंगाळला. सरकारी आदेश पाळणाराच थकबाकीदार ठरावा, याला काय म्हणायचे?

जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकाने ग्रॅच्युइटीच्या विम्याचे नियम लागू केले. जुन्या आस्थापनांनी साठ दिवसांत विमा उतरवावा, असा दंडक होता. उद्देश निःसंशय चांगला. कारखाना बंद पडला की लहान कारखान्यातील कामगाराची ग्रॅच्युइटी बुडते, हा नेहमीचा अनुभव आहे. पण ज्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याच्या आधारे हे नियम झाले, तो कायदाच २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. नियमाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याचा जनक बदलला.

सर्वांत बोलका प्रसंग मासिक पाळीच्या रजेचा. स्त्री कर्मचाऱ्यांना महिन्याला एक, अशी वर्षाला बारा दिवसांची भरपगारी रजा देण्याचे धोरण राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केले आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा आदेश निघाला. कारखाने, दुकाने, मळे अशा सर्व खासगी आस्थापनांना तो लागू होता. स्वतंत्र कायदा न करता केवळ प्रशासकीय आदेशाने असे बंधन घालता येते काय, असा प्रश्न उपस्थित करत हॉटेलचालकांची संघटना न्यायालयात गेली. ९ डिसेंबर २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने आदेशाला अंतरिम स्थगिती दिली आणि सरकारने विनंती केल्यावर त्याच दिवशी ती मागेही घेतली. सकाळी स्थगितीची बातमी वाचून ज्याने सूचनाफलकावरचा कागद काढला असेल, त्याला संध्याकाळी तो पुन्हा लावावा लागला असेल. न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. कायद्याऐवजी आदेशावर भागवण्याच्या सवयीची ती किंमत आहे. रजेचा हक्क खरोखर द्यायचा असेल तर तो विधिमंडळात चर्चा करून, पक्क्या पायावर द्यायला हवा. अन्यथा स्त्री कामगाराला हक्क मिळाला की नाही हे तिलाच कळत नाही, आणि ज्याला स्त्रियांना कामावर घेण्याचे टाळायचेच आहे त्याच्या हाती आयते निमित्त मिळते.

बदलवून घेणारे आणि पाळणारे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियमांची ही अस्थिरता सरकारने उद्योगांवर लादलेली आहे, असे चित्र उद्योजकांच्या व्यासपीठांवरून रंगवले जाते. ते अर्धसत्य आहे. २०२० मधील तासांची वाढ आणि महागाई भत्त्याची स्थगिती या दोन्ही गोष्टी कामगारांनी मागितलेल्या नव्हत्या. त्यांचा लाभ मालकवर्गाला होणार होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने कारखाना कायद्यात केलेली दुरुस्तीही तशीच. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून दिवसाला बारा तासांपर्यंत काम, तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ७५ तासांवरून १४५ तास आणि काही अटींवर स्त्रियांना रात्रपाळी, हे बदल मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना राज्यात आणण्याच्या स्पर्धेतून आले. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये त्याच दिशेने पावले टाकली. राज्याराज्यांतील स्पर्धा आता जमीन आणि विजेच्या दरांवरून कामाच्या तासांवर आली आहे.

या खेळात दोन प्रकारचे उद्योग आहेत. एक, नियम बदलवून घेणारे. आणि दुसरे, बदललेले नियम पाळणारे. बोम्मसंद्र्याहून काही किलोमीटरवर असलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्यातून कर्नाटक सरकार वर्षानुवर्षे सूट देत आले. २०२४ मध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. रजा, शिस्तभंग, चौकशी, बडतर्फी यांचे लेखी व प्रमाणित नियम असावेत, हा त्या कायद्याचा गाभा. हजारो अभियंते कामाला ठेवणाऱ्या कंपनीला त्यातून सूट आणि साठ माणसांच्या यंत्रभाग कारखान्याला मात्र बंधन, अशी ती व्यवस्था होती, कारण केंद्रीय कायद्यातील शंभर कामगारांची मर्यादा कर्नाटकाने पन्नासवर आणली होती. या विषमतेमागे कोणताही कामगारहिताचा सिद्धांत नव्हता. ज्याचे शिष्टमंडळ विधानसौधात पोहोचते त्याला सूट मिळते, एवढाच तो व्यवहार.

स्थानिक कोण?

या पार्श्वभूमीवर जुलै २०२४ मधील तीन दिवस आठवणे उद्बोधक ठरेल. १५ जुलै रोजी कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के आणि इतर पदांपैकी ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखून ठेवणाऱ्या विधेयकाला मंजुरी दिली. राज्यात जन्मलेला, पंधरा वर्षांपासून राज्याचा रहिवासी असलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा तो स्थानिक, अशी व्याख्या होती. शालान्त परीक्षेत कन्नड विषय नसेल तर भाषेची चाचणी द्यायची होती. उल्लंघनासाठी दहा ते पंचवीस हजारांचा दंड होता. १६ जुलै रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी 'क' आणि 'ड' श्रेणीतील शंभर टक्के जागांची घोषणा समाजमाध्यमावर केली आणि नंतर ती काढून टाकली. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने उघड नाराजी व्यक्त केली, शेजारच्या आंध्र प्रदेशाने कंपन्यांना आमंत्रण धाडले आणि १७ जुलै रोजी विधेयक थांबवण्यात आले.

हे विधेयक आभाळातून पडलेले नव्हते. त्याची मुळे धारवाडच्या माजी खासदार सरोजिनी महिषी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८६ च्या अहवालात आहेत. त्या अहवालाची अंमलबजावणी ही कन्नड संघटनांची जवळपास चार दशकांची मागणी आहे. गंमत अशी की २०२४ मध्ये ज्यांच्या कामगार खात्याकडे या विधेयकाची सूत्रे होती, ते कलघटगीचे आमदार संतोष लाड हे कर्नाटकातील मराठा समाजाचे नेते आहेत. कर्नाटकात अनेक पिढ्या रुजलेल्या मराठी माणसाला 'स्थानिक' ठरवायला या व्याख्येत अडचण नाही. अडचण आहे ती कालपरवा आलेल्याची.

पण मराठी वाचकाने येथे कपाळावर आठ्या घालण्याआधी आपल्या घरात डोकावलेले बरे. स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली ती मुंबईतील कचेऱ्यांत दाक्षिणात्यांचा भरणा झाल्याच्या तक्रारीवर. राज्य शासनाच्या २००८ च्या निर्णयानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांपैकी ५० टक्के आणि इतर पदांपैकी ८० टक्के जागा स्थानिकांना द्यायच्या आहेत. आणि तेथेही स्थानिकत्वाची अट पंधरा वर्षांच्या वास्तव्याची व मराठी येण्याची आहे. मुंबईने लिहिलेला धडा बंगळुरूने शब्द बदलून गिरवला, एवढेच. शिरोलीत जो कारखानदार ऐंशी टक्क्यांच्या यादीत अभिमानाने सही करतो, तोच बोम्मसंद्र्यात सत्तर टक्क्यांच्या बातमीने हवालदिल होतो. स्थलांतराने माणसाला मिळणारे शहाणपण म्हणतात ते हेच असावे.

अशा कायद्यांचे न्यायालयात काय होते, हे दिल्लीकर मराठी वाचकाने जवळून पाहिले आहे. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक आरक्षणाचा कायदा १५ जानेवारी २०२२ पासून लागू केला. गुरुग्राम आणि मानेसरच्या कारखान्यांनी नोंदणीची धावपळ केली, स्थगिती आली, ती सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि अखेर १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने कायदाच घटनाबाह्य ठरवला. जवळपास दोन वर्षे मालकांनी ज्याच्यासाठी कागद रंगवले, तो कायदा टिकला नाही. आणि ज्या तरुणांना नोकरीचे आश्वासन दिले गेले, त्यांच्याही हाती काही लागले नाही. कर्नाटकाचे विधेयक थांबले, पण स्थानिक बेरोजगाराचा प्रश्न थांबलेला नाही, आणि तो खोटाही नाही. आनेकल तालुक्यातील ज्या शेतकऱ्याची जमीन वसाहतीसाठी गेली, त्याच्या मुलाला कारखान्यात यंत्रावर जागा मिळावी, ही अपेक्षा न्याय्यच आहे. ती टक्केवारीने नव्हे, प्रशिक्षणाने पुरी होईल, एवढेच म्हणता येते.

संहिता एक, नियम अनेक

या सगळ्या गुंत्यावर उतारा म्हणून चार कामगार संहितांकडे बोट दाखवले जात होते. २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या या संहिता पाच वर्षे पडून राहिल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी एकाएकी लागू झाल्या. २९ केंद्रीय कायदे चार संहितांत आले. हे एकत्रीकरण आवश्यक होते, यात दुमत नाही. पण कामगार हा विषय समवर्ती सूचीतील आहे. संहितेचा सांगाडा दिल्लीचा असला तरी मांस आणि रक्त राज्यांच्या नियमांतून येते. ओव्हरटाइमची तिमाही कमाल मर्यादा हे त्याचे एक उदाहरण. जुन्या कारखाना कायद्यात तो आकडा कायद्यातच छापलेला असे. नव्या संहितेने तो संबंधित सरकारच्या नियमांवर सोपवला आहे. म्हणजे यापुढे आकडा बदलण्यासाठी विधिमंडळात जाण्याचीही गरज नाही. संहिता लागू झाल्या त्या दिवशी केंद्राचे अंतिम नियमही तयार नव्हते. केंद्राने नव्याने मसुदे प्रसिद्ध केले ते ३० डिसेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात जुने नियम चालू राहतील, असे सरकारने सांगितले. नवा कायदा आणि जुने नियम, असा हा संसार.

आपल्या साठ माणसांच्या कारखान्यावर याचा परिणाम दुहेरी आहे. स्थायी आदेशांची मर्यादा तीनशे कामगारांवर गेल्याने तो त्या बंधनातून सुटला. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. उलट, प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले. मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागणार. नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरची रक्कम वेतनात धरली जाणार असल्याने मूळ वेतन कमी दाखवून देणी वाचवण्याची जुनी युक्ती बाद झाली. कामगाराच्या दृष्टीने यात मिळवणे आणि गमावणे दोन्ही आहे. नियुक्तिपत्र मिळाले, पण त्याच्यावर कारवाई करताना पाळायची लेखी, प्रमाणित पद्धत मात्र सुटली.

आणि भाषा? जुन्या कारखाना कायद्याच्या कलम १०८ नुसार कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दर्शनी भागात लावायचा असे. बोम्मसंद्र्यात ती भाषा कोणती? पर्यवेक्षक कन्नड किंवा तमिळ, यंत्रचालक ओडिया, हमाल बिहारी, रंगकाम करणारा आसामचा. राजपत्र कन्नडमध्ये, संहिता इंग्रजीत, मालक मराठी आणि कारखान्याच्या आवारातील व्यवहार मोडक्या हिंदीत. कन्नड भाषेचा आग्रह समजण्यासारखा आहे आणि येथे व्यवसाय करणाऱ्याने ती शिकायलाच हवी. पण ज्या कामगारासाठी कायदा केला, त्याला तो कोणत्या भाषेत कळणार, याचा विचार फलकावरील अक्षरांच्या टक्केवारीइतक्या तळमळीने कोणी करत नाही.

तारीख ठरवा

अशा अस्थिरतेत लहान मालक काय करतो? जो मार्ग सर्वांत कमी कागदाचा, तो पत्करतो. कायमचा कामगार न घेता कंत्राटदाराकडून माणसे घेतो, हजेरीपटावरील संख्या मर्यादेच्या खाली ठेवतो, स्त्रियांची भरती टाळतो आणि उरलेले कन्सल्टंटवर सोपवतो. मोठ्या कंपनीला अस्थिरता म्हणजे विधी विभागाचा खर्च. लहान कारखान्यात तिची किंमत अखेर कामगार मोजतो. तिकडे होसूर रस्त्यावरच्या त्या स्त्रियांप्रमाणे कामगाराचाही कायद्यावरचा विश्वास उडतो. म्हणून नियमांच्या स्थैर्याची मागणी ही केवळ मालकांची मागणी मानता येणार नाही.

यावर उपाय अवघड नाही. ब्रिटनने २००० च्या दशकात नोकरीविषयक कायद्यांतील बदल वर्षातून ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोनच ठरलेल्या तारखांना लागू करण्याची प्रथा सुरू केली. आपल्याकडेही हे अगदीच अपरिचित नाही. कर्नाटकात किमान वेतनावरील महागाई भत्ता दरवर्षी १ एप्रिलला बदलतो आणि त्याविषयी कोणीही तक्रार करत नाही, कारण तारीख सर्वांना ठाऊक असते. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात मसुद्यावर हरकतींसाठी किमान दोन महिने देण्याची तरतूद होती. हीच दोन तत्त्वे, ठरलेली तारीख आणि पूर्वसूचना, सर्व कामगार नियमांना लावली तर सरकारी तिजोरीवर एका रुपयाचाही भार पडणार नाही. जोडीला राज्याच्या कामगार खात्याने आजच्या तारखेला लागू असलेल्या सर्व नियमांचे एकत्र, अधिकृत पुस्तक कन्नड, इंग्रजी आणि हिंदीत ठेवावे. आणि सरकारच्याच आदेशावर विसंबून वागलेल्यास पुढे तो आदेश रद्द झाल्यावर दंड होऊ नये. कामगाराची थकबाकी मात्र पूर्ण द्यावी लागावी, असा संकेत कायद्यातच असावा.

राजधानीत फाइली हाताळणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांची संख्या कमी नाही. अधिसूचनेच्या शेवटी 'राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून अंमलात येईल' हे ठरावीक वाक्य लिहिताना त्यांनी क्षणभर थांबावे. त्या दिनांकाला बोम्मसंद्र्यात पहिली पाळी सकाळी सहाला सुरू झालेली असते, वेतनपत्रक आदल्या आठवड्यात तयार झालेले असते आणि सूचनाफलकावर मागच्या महिन्याचा कागद असतो. त्या वाक्याऐवजी '१ एप्रिलपासून' एवढे दोन शब्द लिहिले, आणि ते तीन महिने आधी लिहिले, तर बरेच काही साधेल. नाही लिहिले, तर २०१६ च्या एप्रिलमध्ये झाले तसे, अधिसूचनेचे वाचन पुन्हा एकदा होसूर रस्त्यावरच होईल.